किरकोळ प्रकार वगळता

सोमवार

आज विश्रामगृहाच्या फाटकाला आतून कुलूप लागलं आणि बाहेरून साखळी. आतली किल्ली परदेशी पाहुण्यांकडे, बाहेरची पोलिसांकडे. एकट्या कुणाला उघडता येऊ नये म्हणून दोन्ही पक्षांनी मिळून तसं ठरवलं. मतदान कसं घ्यायचं यावर कधीपासून भांडताहेत, कुलपावर मात्र चहा गार व्हायच्या आत एकमत झालं.

सरकारची मुदत कधीच संपली. निवडणूक पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. रस्त्यात टायर जळतात, दुकानदार अर्धं शटर खाली ठेवूनच विकतात. शेवटी शेजारच्या देशांनी समजूत घालायला एक बाई पाठवल्या आहेत. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक आहे, आम्ही दूतबाई म्हणतो. त्यांना आपली भाषा येत नाही म्हणून बरोबर एक दुभाष्या आहे. आपल्याकडचाच, पण बरीच वर्षं बाहेर राहिलेला, काडीसारखा माणूस. सरकारच्या बाजूने सल्लागार आलेत, विरोधकांच्या बाजूने प्राध्यापक. समजुतीचा कागद होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. विश्रामगृहाच्या नोकरांनीसुद्धा नाही. इथल्या खोल्या, चादरी आणि जेवणघर माझ्याकडे, म्हणजे मीही त्यात आले.

पहारेकरी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन सगळ्यांचे मोबाइल गोळा करत फिरला. "मावशी, तुमचाही."

"मला कोण फोन करतंय? लेक सोडून कुणी नाही."

"तेच तर," तो म्हणाला आणि डबा पुढे केला.

दिवेलागणीला तो वरच्या मजल्यावरच्या दारांना बाहेरून कड्या घालतो, तसा हुकूम आहे. मी सांगितलं, "माझ्या दाराला नाही. आतून मी हव्या तेवढ्या कड्या लावून घेईन. बाहेरून एकही नाही." त्याने कडी सोडून दिली. दाराबाहेर खुर्ची ठेवून बसला, तेवढाच हुकूम पाळला.

मास्तर म्हणायचे, रोज चार ओळी लिहीत जा, अक्षरही बसेल आणि डोकंही. लग्न होऊन त्यांच्या घरी आले तेव्हा मला दुकानाची पाटीसुद्धा जुळवून वाचावी लागे. अक्षर बसलं. चारच्या वर ओळी झाल्या, आता पुरे.

बुधवार

सल्लागार गोड माणूस आहेत. चहा घेऊन गेले तर उठून कप हातात घेतला. "ताई, तुम्ही मास्तरांच्या घरच्या ना? फार वाईट झालं हो तेव्हा." इतक्या मोठ्या माणसाला आठवण असेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी लेकीची चौकशी केली. मी सांगितलं, शाळेत शिकवते, निवडणुकीची ड्युटी लागली आहे, पण इथल्या मुख्य कचेरीत, टेबलावर. "छान," ते म्हणाले. "सुरक्षित जागा. ती तिथेच राहील असं बघतो मी." मी दोनदा आभार मानले.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "दूतबाई जेवताना काय बोलतात हो?"

"सुपात मीठ कमी आहे म्हणाल्या."

ते हसले. "आणखी?"

"मग मी मीठ दिलं."

तेव्हाही हसले, पण जरा कमी. दमले असतील. दिवसभर त्या खोलीत बसणं काही सोपं नाही. पडदे ओढलेले, रस्त्याकडच्या काचांना कागद लावलेले, भरदुपारी दिवे. मी पाणी ठेवायला गेले तर कोणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे टेबलाकडे बघत होते, जणू त्या टेबलानेच काही केलंय.

शुक्रवार

सगळं एका शब्दावर अडलंय. आज जेवायलाही कोणी आलं नाही.

प्रत्येक मतदान केंद्रावर बाहेरची माणसं बसवायची, हे सरकारला मान्य आहे. पण त्यांना 'निरीक्षक' म्हणायचं नाही. सल्लागार म्हणतात, निरीक्षक म्हणजे वरचा साहेब, आम्ही काय शाळकरी पोरं आहोत तपासणी करून घ्यायला? प्राध्यापक म्हणतात, निरीक्षक शब्द नसेल तर आमचे लोक मतदानाला उतरणार नाहीत आणि मग रस्त्यावर काय होईल ते आमच्या हातात नाही. दूतबाईंनी 'पाहुणे' सुचवलं, प्राध्यापक चिडले. 'साक्षीदार' सुचवलं, सल्लागार म्हणाले, साक्षीदार गुन्ह्याला लागतो, इथे गुन्हा कुठाय?

दुभाष्या स्वयंपाकघरात येऊन मटार सोलायला बसला. "करू द्या मला काही तरी. दोघांच्या शिव्या मीच खातो, त्याही दोन-दोन भाषांत."

"शिव्यांचंही भाषांतर करता?"

"करतो ना. 'गाढव' असलं की 'आमचे सन्माननीय मित्र' म्हणतो."

मी पुष्कळ दिवसांनी हसले. पण तो शब्द, निरीक्षक, माझ्या डोक्यातून जाईना. गेल्या निवडणुकीत मास्तर ज्या शाळेत केंद्राध्यक्ष होते तिथेही निरीक्षक आले होते. सकाळी आले, चहा घेतला, सगळं नीट आहे असं लिहून पुढच्या केंद्रावर गेले. दुपारनंतर जमाव आला आणि मतपेटी मागू लागला. मास्तरांनी वर्गखोलीचं दार आतून लावून घेतलं. मग कुणी तरी बाहेरून कडी घातली. मग धूर. चौकशीत कंदील पडला असं निघालं. कडीचं गावभर माहीत आहे, अहवालात नाही.

दुभाष्याला हे काही सांगितलं नाही. त्याने विचारलं तुम्ही एकट्या राहता का, तर इतकंच म्हटलं की मास्तर गेल्यावर शेजारीण येऊन राहिली होती. काही करायची नाही. समजावायची नाही, रडायची नाही, कुणाला काही विचारायची नाही. नुसती बसायची. सोबतीला.

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "सोबतीला," तो म्हणाला. मग हात न धुताच धावत गेला. मटार सगळे माझ्यावर.

शनिवार

सह्या झाल्या!

कागदात असं आहे: प्रत्येक मतदान केंद्रावर, दोन्ही बाजूंना मान्य अशा दोन व्यक्ती दिवसभर सोबतीला राहतील. दुभाष्याने मला मुद्दाम बोलावून वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं. माझा शब्द! वर्तमानपत्रं कपाटात अंथरायच्या आधी वाचता वाचता शिकलेली मी, आणि माझा शब्द देशाच्या कागदात. मास्तर असते तर आधी शुद्धलेखन तपासलं असतं आणि मग उगाच दोन वेळा चष्मा पुसला असता.

दूतबाईंनी माझा हात हातात घेतला. काही तरी बोलल्या. दुभाष्या म्हणाला, "त्या म्हणतात, त्यांच्या भाषेत ह्याला शब्दच नाही."

"मग त्यांनी सही कशावर केली?" मी विचारलं. त्याने हे पुढे सांगितलं नाही.

प्राध्यापक खूश होते. "वहिनी, सोबत म्हणजे दिवसभर. म्हणजे चहा पिऊन पळता येणार नाही कुणाला. तुम्ही आमच्या व्यासपीठावर यायलाच हवं. मास्तर हुतात्मा आहेत."

मी म्हटलं, "मास्तरांना ड्युटीचा आदेश आला होता. हुतात्म्याला आदेश येतो का?" ते जरा ओशाळले. वाईट माणूस नाही. फक्त समोर दोनपेक्षा जास्त माणसं असल्यासारखं बोलतात.

सल्लागारही खूश होते. इतके खूश की मला भीती वाटली. "ताई, कमाल केलीत. सोबत! सोबतीच्या माणसाने काय करायचं असतं? बसायचं. लिहायचं नाही, विचारायचं नाही, मध्ये पडायचं नाही. तुम्हीच सांगितलंत ना तसं दुभाष्याला?"

सांगितलं होतं खरं. त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक. खोलीत बोलताना दुभाष्यानेच समजावून सांगितलं असेल.

मटार थोडे करपले आज.

रविवार

कुलूप उघडेल असं वाटलं होतं. नाही. मतदान पार पडेपर्यंत कुणी आतलं बोलणं बाहेर नेऊ नये म्हणून अजून आठवडाभर असंच. मी अंगणात जाऊन फाटकाच्या गजांना हात लावून आले. ऊन लागून तापले होते. दूतबाईही फेऱ्या मारत होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. भिंत आली की क्षणभर थांबायच्या, जणू या वेळी ती नसेल. आम्ही दोघी एकमेकींना बघून हसलो. बोलणार काय? दुभाष्या झोपला होता.

सल्लागारांनी संध्याकाळच्या चहाला पुन्हा विचारलं, "प्राध्यापक आणि दूतबाई बाजूला बसून काय बोलत होते?" मी म्हटलं, "साहेब, वाढताना मी माझे कान स्वयंपाकघरातच ठेवून येते."

"ठेवू नका, ताई," ते म्हणाले. "कान लागतात माणसाला. लेकीची काळजी असते."

किती आठवण ठेवतात. चहात साखर मात्र ढवळतच राहिले, प्यायले नाहीत.

मंगळवार

लेक फाटकावर आली होती, चिऊ. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. पहारेकऱ्याने गजांतून बोलू दिलं, स्वतः पाठ करून उभा राहिला.

"आई, केस विंचरायला वेळ नाही का मिळत आत? काय अवतार केलायस."

"माझा अवतार राहू दे. तू कशी आहेस?"

तिने गोळ्या दिल्या, नव्या पट्टीवर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं दाखवलं, आणि मग तिसरीकडेच बघत म्हणाली, "ड्युटी बदलली माझी. काल आदेश आला. केंद्राध्यक्ष म्हणून."

"कुठे?"

तिने गजावरची धूळ बोटाने पुसली. तेव्हाच मला कळलं.

"बाबांच्या शाळेत," ती म्हणाली. "नव्याने बांधलीय ना. पत्रे छान लावलेत म्हणे."

मी गजांना धरलं. मी म्हटलं, ही कारकुनाची चूक आहे, नावात घोटाळा झाला असेल, मी आत्ता सल्लागारांना सांगते, त्यांनी शब्द दिलाय मला. चिऊ माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिचं गणित चुकीचं तपासलं की अशीच बघायची.

"कुणी शब्द दिला, आई?"

मी सांगितलं. चहा, चौकशी, सुरक्षित जागा, सगळं. ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "बरं. त्यांना काही सांगू नकोस आता. काही विचारूही नकोस."

"का?"

"उगाच. जेवत जा वेळेवर."

"तू नाही म्हण ना. आजारी पड. मी नाही का तुला शाळा चुकवायला शिकवलं कधी..."

"तू? तू तर ताप असला तरी पाठवायचीस." ती हसली. मग म्हणाली, "मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाची तरी मुलगी जाईल. आणि तिला ती खोली माहीत नसेल."

पहारेकरी खोकला. वेळ संपली. मी गजांतून हात घालून तिचे केस सारखे केले. माझेच विंचरलेले नव्हते.

बुधवार

चिऊने नको सांगितलं होतं तरी सल्लागारांकडे गेले. आई आहे मी. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरेरे. कारकून म्हणजे ना... बघतो मी. पण ताई, मी तुमच्यासाठी बघायचं, तर तुम्हीही माझ्यासाठी थोडं बघायला नको का?"

मी म्हटलं, "चादरी बदलू का आज?"

ते खिडकीकडे वळले. काचेला कागद होता, त्या कागदाकडेच बघत राहिले. "बदला," म्हणाले.

चादरी बदलल्या. उशीची खोळ उलटी घातली गेली, तशीच ठेवली. एवढंच सुचलं.

गुरुवार

आज जे झालं ते सरळ लिहिते.

दुभाष्या जेवणघरात एकटाच कागदांत डोकं घालून, तोंडाने पुटपुटत बसला होता. मला बघून म्हणाला, "मावशी, तुमचं वाचन चांगलं आहे. एक सांगा. 'किरकोळ' बरं की 'तुरळक'?"

"कशाबद्दल आहे त्यावर आहे. तुरळक पावसाला म्हणतात."

"मतदानानंतर संध्याकाळी दूतबाईंच्या वतीने मला निवेदन वाचायचंय. आधीच तयार ठेवायला सांगितलंय, ऐन वेळी धांदल नको म्हणून. ऐका: 'तुरळक प्रकार वगळता मतदान शांततेत पार पडले.' की 'किरकोळ प्रकार वगळता'?"

मी पाण्याचा जग खाली ठेवला. मतदान व्हायचंय अजून.

"किरकोळ," मी म्हटलं. "गेल्या वेळी किरकोळ होतं."

"तुम्हाला बरं आठवतं."

"पहिल्या पानावर होतं. मोठ्या अक्षरात. किरकोळ प्रकार वगळता मतदान शांततेत. मी सगळी जुनी वर्तमानपत्रं कपाटांत अंथरते. ते अंथरलं नाही. फेकलंही नाही. कुठे ठेवावं तेच कळलं नाही." आणि मग म्हटलं, "तो किरकोळ प्रकार म्हणजे माझे मास्तर."

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. त्याने कागद पालथा घातला, जसं काही त्यावरचं मला दिसू नये. मी त्याला शाळा सांगितली, पेटी सांगितली, बाहेरची कडी सांगितली. या वेळी केंद्राध्यक्ष कोण आहे तेही सांगितलं. रडले नाही. रडायची एक जागा असते आणि जेवणघर ती नव्हे.

"त्या शाळेत सोबतीला कोण आहे?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "कोणी नाही. दूतबाईंची माणसं मोजकी आहेत. बाकीची इथलीच घ्यायची होती, दोन्ही बाजूंना मान्य अशी. त्या शाळेचं नाव काढलं की प्रत्येकाच्या घरी कुणी तरी आजारी पडतं."

म्हणजे माझा शब्द सगळीकडे बसणार, फक्त तिथे नाही.

मी विचारलं, "सोबत कुणी करायची, हे लिहिलंय का कागदात? वय, शिक्षण, नातं?"

"नाही. दोन्ही बाजूंना मान्य, एवढंच."

शुक्रवार

काल झोपण्याआधीच ठरवलं होतं. एकट्या सल्लागारांना विचारलं असतं तर 'बघतो' म्हणाले असते. म्हणून सकाळी सगळे टेबलाशी असताना चहा घेऊन आत गेले आणि ट्रे हातातच धरून उभी राहिले.

"साहेब, एक विचारायचं होतं."

"बोला ना ताई."

"तुम्ही म्हणालात, सोबतीच्या माणसाने नुसतं बसायचं. लिहायचं नाही, विचारायचं नाही, मध्ये पडायचं नाही. बरोबर ना?"

"अगदी बरोबर."

"मला तेवढं येतं. मास्तरांच्या शाळेत सोबतीला कोणी मिळत नाही असं ऐकलं. मी जाते."

दुभाष्याने दूतबाईंना सांगितलं, हळू आवाजात. प्राध्यापक लगेच म्हणाले, "आमची मान्यता आहे." आवाज जरा चिरका होता, पण पटकन म्हणाले, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

सल्लागार हसत म्हणाले, "पण ताई, तुमची मुलगी तिथे केंद्राध्यक्ष. घरचं माणूस कसं चालेल?"

"कारकुनाची चूक होती ना ती? दुरुस्त झाली असेल तर घरचं माणूस नाही मी."

आता ते काय म्हणणार? चूक दुरुस्त झाली म्हटलं तर चिऊ सुटते. चूक नव्हती म्हटलं तर चूक नव्हती असं होतं. हे मला बोलता बोलता कळलं, आधी ठरवलेलं नव्हतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाजात साखर नव्हती.

"वाटते. म्हणून तर सोबत."

ते टेबलाकडे बघू लागले. "माझी हरकत नाही. पण दोन व्यक्ती लागतात. दुसरी कोण?"

दूतबाई काही बोलल्या. दुभाष्या बोलायचा थांबला. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, त्याच सुरात.

"काय म्हणतात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"म्हणतात..." तो खुर्चीत मागे सरला. "म्हणतात, दुसरा मी."

प्राध्यापक हसले. मी नाही.

"आणि संध्याकाळचं निवेदन?" सल्लागार म्हणाले. "ते कोण वाचणार?"

दूतबाईंना हे भाषांतराशिवायच समजलं असावं. त्या सावकाश बोलल्या आणि दुभाष्याने सावकाश सांगितलं. "निवेदन हाच वाचेल. तो त्या शाळेतून परत येईल तेव्हा. तोपर्यंत मी काही म्हणणार नाही, मतदान कसं झालं याबद्दल एक शब्दही नाही." मग स्वतःच्या मनाने म्हणाला, "मावशी, मला लहानपणापासून शाळा आवडत नाही, हे कुठे तरी लिहून ठेवा."

लिहून ठेवलं.

नंतर दूतबाई जेवणघरात आल्या. दुभाष्यामार्फत म्हणाल्या, मला याहून जास्त मिळवता आलं नाही, तुम्ही तरी माफ करा. मी म्हटलं, सुपात आज मीठ बरोबर आहे, जेवून घ्या. काय माफ करायचं असतं अशा वेळी? त्याही कुलपातच आहेत. फक्त त्यांच्या कुलपाला जास्त देशांच्या किल्ल्या आहेत.

शनिवार

उद्या पहाटे फाटक उघडणार, आम्हा दोघांपुरतं. पहारेकऱ्याला म्हटलं, तुझ्या हत्यारांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर दे. "कशाला मावशी?" मी म्हटलं, काम आहे. त्याने मोठाही दिला आणि छोटाही, आणि डब्यातून माझा मोबाइल काढून पुसून दिला. सल्लागार चहाला आले नाहीत. चिऊचा आदेश बदललेला नाही. कारकुनाची चूक नव्हतीच, हे आता मी इथे लिहिते. आठवडाभर दुसरंच लिहीत होते.

केस विंचरले.

रविवार

शाळेच्या पायरीवर बसून लिहिते आहे. सोबतीच्या माणसाने आत गेल्यावर काही लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून बाहेर. आत चिऊ रिकामी मतपेटी सगळ्यांना दाखवते आहे, आधी एका पक्षाच्या माणसाला, मग दुसऱ्याच्या. आवाज अगदी वर्गात असतो तसा. रांग लागली आहे. लांब आहे. लोक आपसांत फारसं बोलत नाहीत, दाराकडे बघतात आणि मग पायांकडे.

आम्ही आलो तेव्हा ती एकटीच होती. मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस?" आणि मग बराच वेळ मला सोडेना. दुभाष्या पलीकडे भिंतीवरची मुळाक्षरं वाचत उभा राहिला, मोठ्यांदा, ज्ञपर्यंत.

खोली नवी आहे. पत्रे नवे, फळा नवा, दार नवं. दारावर बाहेरून कडीही नवी, चकचकीत. कुणी तरी दुकानात जाऊन निवडून आणलेली असणार. मी चिऊला स्क्रूड्रायव्हर दाखवला. तिने तिच्या पर्समधून तिचा काढला. आम्ही दोघी हसलो, मग हसायचं थांबलो. छोटा लागला. स्क्रू घट्ट होते, शेवटचा दुभाष्याने काढला आणि हाताला खरचटून घेतलं. कडी माझ्या पिशवीत टाकली, स्क्रू रुमालात बांधून.

मग बंदोबस्ताचा पोलीस आला, तरुण, घाईत. आत जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघत होता. माझी उचलून बघितली, जड लागली.

"काय आहे मावशी यात?"

"किरकोळ," मी म्हटलं.

त्याने जाऊ दिलं. चिऊ हाक मारते आहे.